नव्या परिचारिकेचे पहिले वर्ष: विदर्भातल्या ग्रामीण रुग्णालयात काम हाती घेताना

जीएनएम या परिचर्या पदविकेची तीन वर्षे किंवा बी.एस्सी. नर्सिंगची चार वर्षे पूर्ण करून जी मुलगी किंवा जो मुलगा पहिल्यांदा पगारी ड्युटीवर उभा राहतो, त्याला बहुतेक प्रक्रिया हाताने करता येत असतात. इंट्राकॅथ (सलाईनसाठी शिरेत बसवायची नळी) लावणे, लघवीसाठी कॅथेटर घालणे, ड्रेसिंग करणे, प्रसूतीत साहाय्य करणे हे सारे त्याने केलेले असते आणि त्याच्या नोंदी सह्यांसह फाईलमध्ये असतात. मात्र प्रशिक्षणात एका वेळी एक किंवा दोन रुग्ण वाट्याला येतात, त्यांच्यासाठी केअर प्लॅन लिहायला पूर्ण दुपार मिळते आणि चुकत असेल तर ट्यूटर मागे उभ्या असतात. ३० खाटांच्या ग्रामीण रुग्णालयात रात्रपाळीला बहुधा एकच अधिपरिचारिका, म्हणजे स्टाफ नर्स, असते. वॉर्ड तिचाच, प्रसूतीगृह तिचेच आणि अपघात कक्षात कोणी आले तर तेही तिनेच आधी पाहायचे. वैद्यकीय अधिकारी आवारात किंवा क्वार्टरमध्ये असतात, पण त्यांना केव्हा उठवायचे हे तिलाच ठरवावे लागते.

म्हणून पहिल्या वर्षी शिकण्याची गोष्ट माझ्या मते हातांच्या वेगाची नाही. कोणत्या रुग्णाकडे आधी जायचे आणि डॉक्टरांना किंवा वरिष्ठांना कोणत्या क्षणी बोलवायचे, ही पारख शिकायची आहे. शहरातल्या मोठ्या महाविद्यालयीन रुग्णालयात ही पारख थोडी उशिरा आली तरी आजूबाजूला निवासी डॉक्टर असतात. धारणी किंवा भामरागडसारख्या तालुक्यातून जिल्हा रुग्णालय शंभर किलोमीटरहून दूर आहे आणि पावसाळ्यात नदीनाल्यांना पूर आला की तो रस्ताही बंद पडतो. तिथे एका तासाचा उशीर फार महाग पडतो.

रुजू होण्यापूर्वी आणि पहिल्या आठवड्यात

महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी हातात असल्याशिवाय रुग्णाला हात लावण्याची घाई करू नका. काही खासगी रुग्णालये निकाल लागताच, नोंदणी होण्याआधीच मुलींना कामावर घेतात. त्या काळात काही अघटित घडले, तर कायद्याने तुमच्या पाठीशी काहीही नसते. नेमणूक कायम आहे, कंत्राटी आहे की राष्ट्रीय आरोग्य अभियानातून आहे, हे आदेशात नीट वाचा, रुजू अहवालाची पोच असलेली प्रत स्वतःकडे ठेवा आणि कोणी मूळ गुणपत्रिका किंवा नोंदणी प्रमाणपत्र ठेवून घ्यायला मागत असेल, तर साक्षांकित प्रती द्या. हिपॅटायटीस बी लसीचे तीन डोस शून्य, एक आणि सहा महिन्यांवर घ्यायचे असतात. प्रशिक्षणात एखादा राहून गेला असेल तर तो आधी पूर्ण करा.

पहिल्या आठवड्यात इन्चार्ज सिस्टरांना, म्हणजे परिसेविकांना, विनंती करून एक काम स्वतःकडे मागून घ्या. इमर्जन्सी ट्रॉली रोज सकाळी तुम्ही तपासाल, असे सांगा. अ‍ॅड्रेनलिन कोणत्या कप्प्यात आहे, अ‍ॅट्रोपिनच्या अँपूल किती शिल्लक आहेत, अँबू बॅगला (हाताने दाबून श्वास देण्याच्या पिशवीला) मोठ्यांचा आणि नवजात बाळाचा असे दोन्ही मास्क आहेत का, सक्शन मशिन खरोखर ओढते का, ऑक्सिजन सिलिंडरची चावी कुठे टांगलेली असते, वीज गेल्यावर जनरेटर कोण सुरू करतो आणि तो रात्री कुठे झोपतो, हे सारे तुम्हाला अंधारातही सांगता आले पाहिजे. झटके येणारी गरोदर बाई दारात असताना कपाटाची किल्ली शोधण्यात जी मिनिटे जातात, ती याच आठवड्यात वाचवायची असतात.

त्याच आठवड्यात वॉर्डातल्या जुन्या मावशींशी ओळख करून घ्या. चतुर्थश्रेणीचे पद म्हणून त्यांना नुसते कामापुरते बोलावणाऱ्या नव्या सिस्टर मी पाहिल्या आहेत आणि त्यांचे पहिले वर्ष कठीण गेलेलेही पाहिले आहे. मावशींना गाव माहीत असते, कोणत्या घरातले लोक रात्री वाद घालायला येतात ते माहीत असते आणि प्रसूतीगृहात वर्षानुवर्षे उभ्या राहिल्यामुळे एखादी बाई ‘बरी दिसत नाही’ हे त्यांना पुष्कळदा आपल्या आधी कळते. त्यांनी तसे सांगितले की उठून जा आणि रुग्ण पाहा. निर्णय मात्र तुमचा असावा, कारण इंजेक्शन देणे, औषध मोजणे किंवा आतून तपासणी करणे हे काम त्यांच्यावर सोपवता येत नाही, मग गर्दी कितीही असो.

ओव्हर घेणे आणि फेरी मारणे

ओव्हर, म्हणजे पाळी बदलताना रुग्णांची माहिती, टेबलाजवळ बसून घेऊ नका. जाणाऱ्या सिस्टरांबरोबर खाटेखाटेपर्यंत चालत जा, कारण कागदावर ‘सलाईन सुरू आहे’ लिहिलेले असते आणि प्रत्यक्षात हात सुजून इंट्राकॅथ बाहेर आलेले असते. प्रत्येक खाटेपाशी चार गोष्टी विचारा: रुग्ण कशासाठी दाखल झाला, मागच्या पाळीत त्याच्यात काय बदलले, माझ्या पाळीत कोणते औषध किंवा तपासणी बाकी आहे आणि तुम्हाला स्वतःला कोणाची काळजी वाटते. चौथा प्रश्न नव्या परिचारिका विचारत नाहीत, पण त्याच्याच उत्तरात सर्वांत अधिक शहाणपण असते. अनुभवी सिस्टर म्हणाल्या की ‘सात नंबरकडे लक्ष ठेव, आकडे बरे आहेत पण बाई बरी नाही’, तर तुमची पहिली खाट सात नंबरची आहे.

ओव्हर संपल्यावर औषधांची ट्रॉली घेऊन क्रमाने निघण्याचा मोह होतो. त्याआधी रिकाम्या हातांनी एक फेरी मारा. प्रत्येकाकडे पाहा, नावाने हाक मारा, उत्तर कसे येते ते ऐका, तळवा हातात घेऊन तो गार आहे की घामेजलेला ते जाणून घ्या. ही फेरी दहा-पंधरा मिनिटांची असते आणि तीच तुमच्या पाळीचा क्रम ठरवते. जो बोलता बोलता थांबून श्वास घेतो, जो कालपर्यंत उठून बसत होता आणि आज डोळे उघडत नाही, ज्याची लघवी सकाळपासून झालेली नाही, ज्या बाळंतिणीच्या चादरीवर रक्त आहे, तो आधी. ज्याचे नातेवाईक सर्वांत मोठ्याने बोलतात तो आधी नव्हे, जरी त्यांनाही दोन शब्द सांगून जावे लागत असले तरी.

श्वसनाचा दर पूर्ण एक मिनिट मोजा. टीपीआर (तापमान, नाडी, श्वसन) चार्टवर वॉर्डातल्या सगळ्या रुग्णांचे श्वसन ‘१८’ लिहिलेले असणे ही आपल्या व्यवसायातली जुनी आणि घातक सवय आहे. रक्तदाब खाली येण्याच्या पुष्कळ आधी श्वास वाढतो. जंतुसंसर्ग रक्तात पसरत असो, न्यूमोनिया असो, आत रक्तस्राव होत असो, शरीर पहिली खूण बहुधा श्वासातच देते, आणि जी परिचारिका ती मोजतच नाही, तिला ती दिसणार कशी? आकडा २४ च्या वर गेला आणि आधी तो १८ होता, तर अर्ध्या तासाने पुन्हा मोजा आणि दोन्ही वेळा लिहा. एकट्या आकड्यापेक्षा बदल अधिक सांगतो.

डॉक्टरांना उठवणे

रात्री दोन वाजता फोन करण्याची भीती जवळजवळ प्रत्येक नव्या परिचारिकेला वाटते. कोणी रागावेल, ‘एवढ्यासाठी उठवलं का’ म्हणेल, असे वाटते. आणि काही जण खरोखर म्हणतातही. तरीही फोन करावा. यावर उपाय एकच आहे: फोन करण्यापूर्वी माहिती हाताशी घ्या आणि ती ठरलेल्या क्रमाने सांगा. उदाहरणार्थ:

‘सर, वॉर्डातून अधिपरिचारिका बोलते आहे. खाट क्रमांक सातवरच्या ३५ वर्षांच्या बाई, दुपारी तापासाठी दाखल झालेल्या. आता श्वसन ३२, नाडी १२८, रक्तदाब ८४/५०, ऑक्सिजन ९० टक्के. संध्याकाळी रक्तदाब ११०/७० होता. सहा तासांत लघवी झालेली नाही. मला त्या शॉकमध्ये जात आहेत असे वाटते. ऑक्सिजन लावला आहे, दुसरी व्हेन घेत आहे. आपण येऊन पाहावे. तोवर सलाईन कोणत्या वेगाने देऊ?’

या निरोपात कोण, कशासाठी दाखल, काय बदलले, तुम्हाला काय वाटते, तुम्ही काय केले आणि तुम्हाला काय हवे आहे, हे सारे आले. ‘सर, पेशंट सिरीयस आहे, लवकर या’ या वाक्यात यांतले काहीच नाही. फोनवर औषध सांगितले गेले, तर नाव, मात्रा आणि मार्ग मोठ्याने परत म्हणून दाखवा, केसपेपरवर वेळेसह लिहा आणि डॉक्टर आल्यावर त्यावर सही घ्या. फोन उचलला गेला नाही, तर प्रयत्नांच्या वेळा लिहून ठेवा आणि पुढच्या माणसाला, म्हणजे दुसऱ्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना किंवा अधीक्षकांना, कळवा. असे लिहिणे हे कोणाविरुद्ध तक्रार करणे नसते. रुग्णासाठी काय काय केले गेले, त्याची ती नोंद असते.

औषधांत कुठे थांबायचे

सगळ्याच औषधांत सारखीच भीती बाळगणे शक्य नाही, म्हणून काही ठिकाणी थांबण्याची सवय लावून घ्या. पोटॅशियम क्लोराइडची अँपूल कधीही थेट शिरेत द्यायची नाही; ती सलाईनमध्ये मिसळून, बाटली नीट हलवून, संथ गतीनेच द्यायची असते. इन्सुलिनच्या बाबतीत आपल्याकडे ४० युनिट प्रति मिलिलिटर आणि १०० युनिट प्रति मिलिलिटर अशा दोन्ही शक्तींच्या बाटल्या व सिरिंज मिळतात. ४० च्या सिरिंजचे टोपण लाल आणि १०० च्या सिरिंजचे नारिंगी असते. बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा एकच असल्याशिवाय औषध भरू नका. लहान मुलांच्या मात्रेचे गणित एकटीने करू नका, दुसऱ्या सिस्टरांकडून किंवा औषधनिर्मात्यांकडून ताडून घ्या, आणि रात्री कोणीच नसेल तर ते कागदावर करून डॉक्टरांना फोनवर वाचून दाखवा. सलाईनच्या थेंबांचे गणित मात्र तोंडपाठ असायला हवे: सेटवर २० थेंबांना एक मिलिलिटर असे लिहिलेले असेल आणि ५०० मिलिलिटर चार तासांत द्यायचे असेल, तर मिनिटाला साधारण ४२ थेंब.

गरोदरपणातील झटक्यांसाठी दिले जाणारे मॅग्नेशियम सल्फेट हे नव्या परिचारिकेला सर्वांत जास्त घाबरवते आणि ते न देण्याने अधिक नुकसान होते. ५० टक्क्यांच्या दोन मिलिलिटरच्या अँपूलमध्ये एक ग्रॅम औषध असते, हे आधी मनात पक्के करा. पुढची प्रत्येक मात्रा देण्यापूर्वी गुडघ्याची प्रतिक्षिप्त क्रिया येते का, श्वसन मिनिटाला किमान १६ आहे का आणि लघवी तासाला किमान ३० मिलिलिटर होते का, हे पाहा. यांतले एकही कमी असेल तर मात्रा थांबवा आणि डॉक्टरांना कळवा. मॅग्नेशियम जास्त झाल्यास त्यावरचा उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेटची अँपूल त्या खाटेपाशीच ठेवा.

चूक झालीच, तर ती लपवण्यात जाणारा प्रत्येक क्षण रुग्णाच्या वाट्यातून जातो. आधी रुग्ण पाहा, डॉक्टरांना कळवा, नंतर परिसेविकांना सांगा आणि घडले तसे लिहा. केसपेपरवर खाडाखोड करू नका, व्हाइटनर लावू नका. एक रेघ मारून, वेळ घालून, सही करून दुरुस्ती करा.

या भागातले रुग्ण

पाठ्यपुस्तक सगळ्या देशासाठी लिहिलेले असते. विदर्भातल्या खेड्यापाड्यांतून येणाऱ्या रुग्णांना ऋतू असतो आणि तो ओळखला की पाळीची तयारी आधीच करता येते.

पावसाळा सुरू झाला की सर्पदंश येऊ लागतात. आपल्याकडे मिळणारी प्रतिसर्पविष लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावर काम करते. साप कोणता हे बहुतेक वेळा कोणालाच सांगता येत नाही, आणि ते सांगता आलेच पाहिजे असेही नाही. तुमचे काम लक्षणे पाहण्याचे आहे. घोणस व फुरशाच्या विषाने रक्त गोठेनासे होते. त्यासाठी दोन मिलिलिटर ताजे रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घेऊन २० मिनिटे अजिबात न हलवता ठेवायचे आणि मग नळी तिरपी करून गुठळी झाली का ते पाहायचे. नळी साबणाने किंवा डिटर्जंटने धुतलेली असेल तर ही तपासणी फसते, म्हणून नव्या नळ्या वेगळ्या डब्यात राखून ठेवा. रक्त गोठते की नाही हे कळेपर्यंत स्नायूत इंजेक्शन देणे टाळा.

मण्यारीचा दंश याहून फसवा असतो. जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री चावा कळतही नाही, खूण दिसत नाही, सूज नसते, आणि पहाटे तो पोटदुखी व उलटीची तक्रार घेऊन येतो. पावसाळ्यात खाली झोपलेला, सकाळी पोट दुखतंय म्हणणारा रुग्ण आला, तर त्याच्या पापण्यांकडे पाहा, वर बघायला सांगा, मान उचलायला सांगा आणि एका श्वासात आकडे मोजायला लावा. पापण्या झुकत असतील किंवा मोजलेला आकडा दर वेळी कमी होत असेल, तर आपल्या हाताशी वेळ थोडा आहे. डॉक्टरांना बोलवा आणि अँबू बॅग उशाशी आणून ठेवा.

लसीच्या पावडरची प्रत्येक व्हायल दहा मिलिलिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये हळुवार फिरवून विरघळवा, जोराने हलवली तर फेस होतो. मोठ्यांना आणि मुलांना लस सारखीच लागते, कारण सापाने सोडलेले विष माणसाचे वय पाहून कमी होत नसते. सुरुवातीच्या मात्रेला साधारण दहा व्हायल लागतात. त्वचेवर चाचणी करून पाहण्याची जुनी पद्धत निरुपयोगी ठरलेली आहे. लस सुरू झाल्यावर पहिली पंधरा मिनिटे रुग्णापाशीच उभे राहा. खाज, अंगावर गांधी, उलटी, घरघर किंवा रक्तदाब घसरणे यांतले काही दिसताच लस थांबवा आणि डॉक्टरांच्या आदेशाने अ‍ॅड्रेनलिन मांडीच्या स्नायूत द्या. मोठ्यांसाठी १:१००० चे अर्धा मिलिलिटर आधीच सिरिंजमध्ये भरून लेबल लावून ठेवलेले असावे. गावाकडून दोरी घट्ट आवळून आणली असेल, तर ती दारातच कापू नका. व्हेन मिळाल्यावर आणि लस तयार झाल्यावर, डॉक्टरांसमोर हळूहळू सैल करा.

ऑगस्टपासून कापूस आणि सोयाबीनच्या फवारणीचा हंगाम येतो. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले, तेव्हा या विषयाकडे सगळ्यांचे लक्ष गेले. पण अशा रुग्णांचे येणे त्याआधीही होते आणि आजही आहे. काही जण फवारताना विष अंगात भिनून येतात, काही जण विष घेऊन येतात. दोघांचे कपडे काढा, अंग, केस आणि नखे साबण-पाण्याने धुवा आणि हे करताना हातमोजे घाला. डबा किंवा त्यावरचे लेबल नातेवाइकांकडून मागवा, कारण प्रत्येक कीटकनाशक ऑर्गॅनोफॉस्फेट (ज्यावर अ‍ॅट्रोपिन हा उतारा असतो) नसते आणि अलीकडे दोन रसायने एकत्र केलेली औषधे पुष्कळ आहेत. अ‍ॅट्रोपिन सुरू असताना नव्या परिचारिका डोळ्यांच्या बाहुल्यांकडे पाहत बसतात. तुम्ही स्टेथोस्कोप छातीवर ठेवा. फुप्फुसातला खरखराट गेला, छाती कोरडी झाली, नाडी आणि रक्तदाब सावरले, की अ‍ॅट्रोपिन पुरेसे झाले. उलट रुग्ण बडबडू लागला, ताप आला, पोटाचे आवाज बंद झाले, तर ते जास्त होत आहे. आणखी एक धोका एक ते चार दिवसांत येतो, जेव्हा रुग्ण बरा होतोय असे सगळ्यांना वाटत असते: त्याला उशीवरून डोके उचलता येईनासे होते आणि पाठोपाठ श्वास मंदावतो. म्हणून या रुग्णाला रोज प्रत्येक पाळीत मान उचलून दाखवायला सांगा. ही प्रकरणे पोलिसांना कळवायची असतात, त्यामुळे एमएलसी (वैद्यकीय-कायदेशीर प्रकरण) म्हणून नोंद झाली का ते पाहा. आणि ज्याने स्वतः विष घेतले त्याला, ‘लेकराबाळांचा तरी विचार करायचा होता’ असे कोणीही खाटेपाशी येऊन सुनावू नये, एवढे तरी आपल्या वॉर्डात पाहा. कर्ज, नापिकी, घरातला कलह यांतून तो आलेला आहे आणि त्याच घरी तो परत जाणार आहे. समुपदेशकाकडे त्याची नोंद झाल्याशिवाय सुटीचा कागद पूर्ण मानू नका.

मे महिन्यात विदर्भाचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. शुद्ध हरपलेला, अंग तापलेला मजूर आला, तर पॅरासिटामॉल देत वेळ घालवू नका, उष्माघातात ते उपयोगी पडत नाही. कपडे काढून, अंगावर पाणी मारून, पंखा लावून तापमान खाली आणणे हेच औषध आहे. काखेतला थर्मामीटर अशा वेळी खरे तापमान दाखवत नाही, गुदमार्गाने मोजावे.

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण मात्र बारमाही आहेत, आणि गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा या पूर्वेकडच्या जिल्ह्यांत तुम्हाला ते दर आठवड्याला भेटतील. एकच मुलगा वारंवार ‘हाडं दुखतात’ म्हणून येतो, तेव्हा काही कर्मचारी तो नाटक करतो किंवा त्याला इंजेक्शनची सवय लागली आहे असे म्हणू लागतात. असे म्हणणे चूक आहे आणि त्यात सामील होऊ नका. त्या वेदना खऱ्या असतात, रक्तवाहिन्या अडल्यामुळे होतात आणि त्या बाहेरून दिसत नाहीत. वेदनाशामक वेळेवर द्या, पाणी आणि सलाईन चालू ठेवा, अंग उबदार ठेवा आणि दुखऱ्या जागी बर्फ लावू नका. छातीत दुखून धाप लागणे, ताप, एका बाजूची शक्ती जाणे, किंवा लहान मुलाचे पोट डाव्या बाजूला फुगून ते एकाएकी पांढरेफटक पडणे, यांतले काही दिसले तर हा साधा वेदनेचा झटका राहिलेला नाही. लगेच डॉक्टरांना बोलवा.

प्रसूतीनंतरचे पहिले दोन तास दर पंधरा मिनिटांनी पोटावर हात ठेवून गर्भाशय कडक आहे का ते पाहा. आपल्याकडच्या पुष्कळ गरोदर स्त्रियांचे हिमोग्लोबिन आधीच कमी असते, त्यामुळे पुस्तकातल्या ५०० मिलिलिटर रक्तस्रावाच्या मर्यादेपर्यंत वाट पाहणे त्यांना परवडत नाही. ऑक्सिटोसिन फ्रिजमध्येच ठेवा. टेबलावर उन्हाळाभर पडलेली अँपूल वेळेला काम करीलच असे नाही.

माणसे आणि बोली

वऱ्हाडी, झाडीबोली, गोंडी, माडिया, कोरकू, बंजारा अशा अनेक बोली आपल्या वॉर्डात येतात. पुस्तकी मराठीत ‘शौचास झाली का’ विचारले की पुष्कळ आजीबाई नुसती मान हलवतात आणि आपण ‘हो’ लिहितो. जे समजले नाही ते आशाताईंकडून किंवा मावशींकडून पुन्हा विचारून घ्या आणि औषध कसे घ्यायचे ते रुग्णाच्या तोंडून परत ऐका. वयाने मोठ्यांना काकाजी, बाबाजी, आजी म्हणा, बाळंतिणीला ‘ए बाई’ म्हणून हाक मारू नका. मेळघाटात किंवा भामरागडकडे घरचे लोक आधी भुमकाकडे (गावच्या पारंपरिक वैदूकडे) किंवा पुजाऱ्याकडे जाऊन आलेले असतील, तर त्यावरून त्यांना टाकून बोलू नका. तिकडे काय दिले, काय बांधले, किती वेळ गेला, हे विचारा, कारण उपचारासाठी ती माहिती लागते आणि अपमान झालेला माणूस ती सांगत नाही.

नातेवाईक संतापले तर एकटीने त्यांच्यासमोर उभे राहू नका. मावशींना, सुरक्षारक्षकाला आणि डॉक्टरांना बोलवा. वैद्यकीय कर्मचाऱ्यांवरील हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्रात २०१० चा कायदा आहे आणि कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३ चा. आपल्या रुग्णालयातल्या अंतर्गत समितीवर कोण आहे, हे रुजू होतानाच विचारून ठेवा.

स्वतःचे शरीर आणि मन

सुई टोचली तर जखम दाबू नका, तोंडात घालू नका. साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा आणि त्याच वेळी डॉक्टरांना सांगा. एचआयव्हीविरोधी औषधाचा पहिला डोस दोन तासांत मिळाला तर उत्तम, ७२ तासांनंतर त्याचा उपयोग नाही. पाळी संपली की सांगू, असे ठरवून काम करत राहणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत; तसे करू नका. वापरलेल्या सुईला टोपण पुन्हा लावायचे नाही, ती थेट पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात जाते.

उन्हाळ्यात रात्रपाळीनंतर पत्र्याच्या खोलीत दुपारी झोप लागत नाही. खोली घेताना भाडे आणि अंतर यांच्याबरोबर हेही पाहा की तिथे दिवसा झोपता येईल का. शक्य असेल तर दुसरी परिचारिका सोबत घेऊन राहा, पाळीपूर्वी पोटभर जेवा आणि सलग रात्रपाळ्या अंगाला झेपत नसतील तर परिसेविकांना वेळेत सांगा. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात पुष्कळ जणींना नोकरी सोडावीशी वाटते. तोवर कौतुक संपलेले असते आणि हात अजून पुरते बसलेले नसतात. तो काळ बहुतेकींच्या बाबतीत ओसरतो. पण झोप उडाली असेल, पाळीच्या विचाराने रडू येत असेल, जगणेच नको वाटत असेल, तर ते थकवा म्हणून सोडून देऊ नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येते.

पहिला मृत्यू तुमच्या पाळीत येईल. त्या दिवशी शेवटची काळजी घाईने उरकू नका, नातेवाइकांना दोन मिनिटे जवळ बसू द्या, आणि नंतर एखाद्या ज्येष्ठ सिस्टरांबरोबर बसून काय घडले ते क्रमाने बोला. वेगळे काय करता आले असते हे विचारण्याची जागा तीच आहे.

रेफर केलेला रुग्ण

१०८ रुग्णवाहिकेत रुग्णाला बसवण्यापूर्वी दोन जाड व्हेन चालू आहेत का, ऑक्सिजन सिलिंडर वाटेला पुरेल का, दिलेली औषधे वेळेसह चिठ्ठीवर लिहिली का आणि पुढच्या रुग्णालयाला फोन झाला का, हे स्वतः पाहा. सर्पदंशाच्या रुग्णाबरोबर किती व्हायल दिल्या हे लिहिले नसेल, तर तिकडच्या डॉक्टरांना सुरुवातीपासून अंदाज बांधावा लागतो.

आणि रुग्ण गेला म्हणून विषय संपवू नका. दुसऱ्या दिवशी जिल्हा रुग्णालयाच्या वॉर्डात फोन करून त्याचे काय झाले ते विचारा. वहीत नाव न लिहिता तीन गोष्टी लिहा: तुम्ही काय पाहिले होते, किती वाजता बोलावले आणि तिकडे निदान काय निघाले. महिन्यातून एकदा ती वही परिसेविकांसमोर उघडा आणि ज्या रुग्णाला आपण उशिरा बोलावले असे तुम्हाला वाटते, त्याच्याबद्दल त्यांना विचारा.